मासळी निर्दोष, विहीर दोषी : गिरगावच्या वाड्यांतल्या खताची गोष्ट

मंडळी, आजचा धागा घरच्या बागेविषयी आहे. सुरुवात मात्र नावांपासून करू. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, बोरभाट, मुगभाट. गिरगावातून रोज ये-जा करणाऱ्याला ही नावे तोंडपाठ असतात, आणि नेमके म्हणूनच त्यांतला फणस किंवा केळ त्याला ऐकू येत नाही. वाडी म्हणजे चाळींचा समूह, एवढाच अर्थ आता उरला आहे. शब्दाचा मूळ अर्थ कोकणात, अलिबागेत, वसईत अजून जिवंत आहे: मधोमध घर, शेजारी विहीर, भोवती माड, पोफळी, केळी, आणि सांडपाण्याच्या वाटेवर अळू. ‘भाट’ हा शब्द त्याचा सख्खा भाऊ. गोव्यात माडांच्या बागायतीला भाट म्हणतात आणि तिच्या मालकाला भाटकार.

पोर्तुगीज या बागांना ‘होर्ता’ म्हणत. इंग्रजांनी तो शब्द उचलून ‘ओर्ट’ केला, आणि मुंबईच्या जुन्या कागदपत्रांत तो पदोपदी भेटतो. अमुक ओर्ट विकले, तमुक ओर्टवर कर बसवला, ओर्ट फोडून रस्ता काढला. हे शहर ज्यांवर उभे राहिले त्या जमिनींपैकी पुष्कळशा जमिनी म्हणजे कुणाच्या तरी परसबागा होत्या. एक सावधगिरी मात्र हवी: झाडाचे नाव असलेल्या प्रत्येक वाडीत ते झाड होतेच, असा ताम्रपट कुणाकडे नाही. झावबावाडी किंवा खोताची वाडी यांसारखी काही नावे मालकांची आहेत. पण सगळी नावे एकत्र ठेवून पाहिली, तर समुद्रकाठच्या बागायतीचे चित्र लपत नाही.

आता प्रश्न असा, की या बागा जगत कशावर? गिरगावची किनारपट्टी रेताड. रेतीतून पाणी झरझर खाली जाते आणि त्याबरोबर झाडाचे अन्नही. अशा जमिनीत माड लावणे सोपे, त्याला वर्षानुवर्षे फळता ठेवणे कठीण. त्यावर इथल्या लोकांचा उपाय समुद्रातूनच आला होता. जाळ्यात येणारी बारीक मासळी, जी खाण्याजोगी नसे किंवा खाऊन उरे, ती माडाच्या मुळाशी घालायची. मासळीच्या मांसात नत्र, काट्यांत स्फुरद आणि चुना. शिवाय ती सावकाश कुजत असल्याने पहिल्या सरीबरोबर सगळे वाहून जात नाही. कोळ्याच्या होडीतला टाकाऊ माल बागेत जाई, आणि माडाचा काथ्या, झावळ्या, नारळ, माडी पुन्हा वस्तीत येई. आज आपण ज्याला पर्यावरणपूरक बागकाम म्हणतो, त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणून हे सहज खपेल. फरक एवढाच, की त्याला भयंकर वास येत असे.

या वासामुळेच ही प्रथा कागदावर आली. जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर १६७३ मध्ये मुंबईत आला. माडांना मासळीचे खत घालतात आणि जमिनीवरून वारा सुटला की त्याची विषारी दुर्गंधी जहाजावरही येते, अशी नोंद त्याने केली आहे. १७२७ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टनचे पुस्तक प्रसिद्ध झाले (हा स्कॉटिश नाखवा, अमेरिकन संगीतिकेतला हॅमिल्टन वेगळा). मुंबईची हवा रोगट असण्याचा मुख्य दोष या खतावरच टाकला जातो, असे तो सांगतो. अठराव्या शतकाच्या मध्यावर जॉन हेन्री ग्रोसनेही त्याचे वर्णन केले. इंग्रजांच्या कानांना ऐकू आलेले या खताचे नाव ‘बकशॉ’ किंवा ‘बकशू’ असे काहीसे होते, आणि ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात त्याला स्वतंत्र नोंद मिळाली आहे. मुंबईच्या परसबागेतले खत जागतिक कोशात जाते ते तक्रारीच्या रूपाने.

तक्रार खोटी नव्हती, हे लक्षात घ्या. सतराव्या शतकात मुंबईत उतरलेले गोरे शिपाई आणि कारकून खरोखरच भराभर मरत होते. १६८९ मध्ये आलेला पाद्री ओव्हिंग्टन सांगतो की इथे माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांवर मोजण्याची म्हण पडली होती. त्या काळच्या वैद्यकानुसार रोग हवेतून येई आणि वाईट हवा ओळखायची ती नाकाने. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच ‘दूषित हवा’. तेव्हा ज्या गोष्टीचा वास सर्वांत उग्र, तीच गुन्हेगार ठरली. अभ्यासक म्हणून मला या तर्काचे हसू येत नाही. हातात दुसरे साधनच नव्हते. पण त्याचे परिणाम दूरगामी झाले. कुजणे म्हणजे रोग, आणि सभ्य घर कुजण्यापासून दूर असले पाहिजे, ही धारणा इथून पुढे शहराच्या नियोजनात मुरत गेली.

वाड्या संपल्या त्या मात्र केवळ वासामुळे नव्हेत. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात मोठी आग लागली आणि त्यानंतर वस्ती कोटाबाहेरच्या बागांवर सरकली. पुढे कापसाच्या तेजीत लोकसंख्या फुगली; १८६४ च्या गणनेत ती आठ लाखांवर गेली. जमिनीला भाव आला, की माडाचे उत्पन्न भाड्यापुढे टिकत नाही. त्यातच १८७८ च्या आबकारी कायद्याने माडी-ताडीच्या धंद्याभोवतीचा फास आवळला आणि भंडारी समाजाचा बागेशी असलेला जुना आर्थिक संबंध सैल केला. १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले; परसातल्या भाजीची जागा बाजारच्या भाजीने घेतली.

याच सुमारास ‘बाग’ या शब्दाचा अर्थही बदलत होता. पश्चिम भारताची कृषी-उद्यान संस्था १८३० ची. तिची बाग शिवडीला होती. पुढे ती जागा दफनभूमीसाठी गेली. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली. हिंडायची बाग, पाहायची बाग, फुलांच्या प्रदर्शनाची बाग. तिथे खत नसते असे नव्हे, पण ते पाहुण्याला दिसत नाही. घरच्या बागेचा आदर्श म्हणून सुशिक्षित मुंबईकराच्या डोळ्यांसमोर हळूहळू ही बाग आली, आणि अळू-केळीची वाडी गावाकडची ठरली.

आता या कथेतला खरा गुन्हेगार. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी सापडला. दूषित हवेचा सिद्धान्त कोसळला, आणि त्याबरोबर माडाखालची मासळी दोनशे वर्षांच्या आरोपातून सुटली. तिची सुटका कुणी जाहीर केली नाही, कारण तोवर ती विस्मृतीत गेली होती. मात्र त्याच वाडीतली दुसरी एक गोष्ट पिंजऱ्यात उभी राहिली. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांवर सविस्तर अहवाल दिला. त्यांचे बोट विहिरींकडे होते. हिवताप पसरवणारा ‘ॲनॉफिलीस स्टीफेन्सी’ हा डास शहरातल्या विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत वाढतो, स्वच्छ पाण्यात वाढतो, दुर्गंधीशी त्याचे काही देणेघेणे नाही.

इथे थोडे थांबायला हवे, कारण पर्यावरणाच्या गप्पांत आपण जुन्या गोष्टींना सरसकट निर्मळ ठरवतो. विहिरीशिवाय वाडी नाही. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात आले, तानसाचे १८९२ मध्ये. तरी घरोघरच्या विहिरी बागेसाठी, धुण्यासाठी, पूजेसाठी चालूच होत्या. ज्या पाण्याला कुणी दुर्गंधीसाठी नाव ठेवले नव्हते, ज्यात सोवळ्याने घागर बुडवली जाई, त्याच पाण्यात मृत्यू वाढत होता. विहिरी बुजवण्याचे किंवा झाकण्याचे आदेश निघाले, तेव्हा मोठा विरोध झाला. विहिरीच्या पाण्याला सूर्यप्रकाश लागला पाहिजे अशी श्रद्धा असलेल्या पारशी कुटुंबांनी आणि अनेक हिंदू घरांनी हरकती घेतल्या. श्रद्धेचा प्रश्न खरा होता. डासाचाही खरा होता. माझे मत विचाराल तर बेंटलीची बाजू बरोबर होती, आणि तरीही विहिरीबरोबर बागेचे स्वतःचे पाणी गेले हे नुकसानही तितकेच खरे आहे. त्यानंतरची मुंबईतली घरची बाग ही नळाच्या पाण्यावरची बाग आहे, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपासच्या धरणांवरची.

खताचेही असेच काहीसे झाले. मराठीत मानवी विष्ठेच्या खताला ‘सोनखत’ म्हणतात. शब्द किती सुंदर आहे पाहा, आणि किती सोयीस्कर. सोने म्हणणारे वेगळे, ते डोक्यावर वाहणारे वेगळे. मुंबईत हे काम हलालखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कामगारांवर, म्हणजे जातीने त्या कामात ढकललेल्या माणसांवर होते. जुन्या शहरात ‘काहीच वाया जात नसे’ असे कुणी कौतुकाने सांगू लागले, की उचलत कोण होते हा प्रश्न विचारण्याची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

हाच धागा पुढे अनपेक्षित ठिकाणी जातो: इंदूरला, होळकरांच्या संस्थानात. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये इंदूर दरबाराला नगरविकासाचा अहवाल सादर केला. शहराचा मैला आणि कचरा नदीत न ढकलता त्यावर बागा फुलवाव्यात, हा त्यांचा लाडका आग्रह. पुढल्याच वर्षी ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्यानंतर ती धुरा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. १९२४ पासून त्याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांची वनस्पती-उद्योग संस्था सुरू झाली. तिथे शेतातला पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर लावून, ओलावा राखून, ठरावीक दिवसांनी उलथून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली गेली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली.

यावरचे मूळ पुस्तक १९३१ चे. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. इंग्लंड-अमेरिकेतली सेंद्रिय शेतीची चळवळ हॉवर्ड यांना आद्यपुरुष मानते. त्यांच्या सहलेखकाचे, संस्थेतल्या रसायनशास्त्राचे काम पाहणाऱ्या वाडांचे नाव मात्र आपल्यापैकी कितींनी ऐकले आहे? हॉवर्ड स्वतः मोकळेपणाने मान्य करीत की इथल्या शेतकऱ्यांकडून आणि चीनच्या परंपरेतून आपण शिकलो. त्यांनी केलेले काम म्हणजे कुजण्याला वेळापत्रक देणे. हवा खेळती राहिली आणि ओलावा योग्य असला, तर ढीग तापतो, आणि त्याला सडका वास येत नाही. फ्रायरच्या नाकाने केलेल्या तक्रारीला अडीचशे वर्षांनी मिळालेले हे उत्तर.

पण इंदूरचा ढीग परळच्या चाळीत कुठे लावायचा? १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. लालबाग-परळच्या गिरणी कामगाराला परस नव्हते. होती ती सामाईक गॅलरी आणि तिचा कठडा. या कठड्यावर जी बाग फुलली, तिच्याकडे इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. तिचे मुख्य भांडे म्हणजे डालड्याचा डबा. शिवडीच्या कारखान्यात १९३२ पासून वनस्पती तूप बनू लागले आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव बाजारात आले. म्हणजे लालबागच्या गॅलरीतली तुळस ज्या डब्यात उभी असे, त्या डब्यातला माल हाकेच्या अंतरावर तयार होत होता. तूप संपले की डब्याच्या बुडाला खिळ्याने चार भोके पाडायची, तळाशी फुटकी खापरे, वर गावाहून आणलेली माती. तुळस, ओवा, गवती चहा, कढीपत्ता, कोरफड, कुठे मोगरा. यातले बहुतेक सगळे औषधाचे किंवा फोडणीचे. शोभेला जागाच नव्हती.

आणि खत? तांदळाचे धुवण, चहाचा चोथा, अंड्याची टरफले, आणि कोकणातून आलेल्या घरांत हमखास मासळी धुतलेले पाणी. आमच्या घरात गुलाबाला आणि कढीपत्त्याला ते घालायचे असा आजीचा दंडक होता, आणि शेजारच्या शाकाहारी बिऱ्हाडाची त्यावर दंडकाइतकीच नियमित तक्रार असे. १६७३ चा वाद १६० चौरस फुटांच्या मापात पुन्हा चालू होता, एवढेच. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले आणि ‘अधिक धान्य पिकवा’ची घोषणा गाजली, पण चाळीच्या कठड्यावर धान्य पिकत नाही. मिरची पिकते.

या छोट्या बागेला शास्त्राचा आधार मिळाला तो कोल्हापूरकडून. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी १९६० च्या दशकात ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्यांनी स्वतः प्रयोग करावेत, मोजावेत आणि पत्रांतून एकमेकांना कळवावेत, अशी ती रचना. द्राक्ष बागायतदारांमध्ये तिचा मोठा प्रभाव पडला. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरेत, हा त्यांचा गाजलेला हिशेब. त्यामागचा विचार गणितीच होता: पानावर पडणारा सूर्यप्रकाश ही खरी मिळकत, जमीन हे फक्त भांडे. एकदा असे म्हटले की गच्चीही शेत ठरते. मुंबईत वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर, पिशव्या आणि पिंपांत भाज्या-फळे घेऊन दाखवली. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. पालापाचोळा, शेण, गोमूत्र आणि गूळ यांपासून केलेली ‘अमृत माती’ हा तिचा पाया. कधीकाळी ज्या बंदरात उभ्या जहाजांवर माडाच्या खताचा वास येत असे, त्याच बंदराच्या गच्चीवर हे घडले, हा योगायोग मला फार आवडतो.

चिपाडाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण गिरगावात तो कळीचा आहे. ओली माती फार जड. घनमीटरला दीड टनाच्या पुढे जाते. उपकरप्राप्त इमारतींतल्या लाकडी तुळयांवर, आधीच टेकू दिलेल्या गॅलरीत मातीच्या कुंड्यांची रांग लावणे हा सरळ धोका आहे. चिपाड, नारळाच्या शेंड्या, वाळका पाला आणि मूठभर माती असे मिश्रण त्यामानाने कितीतरी हलके. जुन्या चाळीत बाग करायची असेल तर आधी कठडा आणि तुळई पाहावी, झाड नंतर निवडावे.

शेवटी नियमांचा प्रवास पाहा. ज्या शहराने दोन शतके कुजणारे सगळे घरापासून दूर नेले, त्याच शहराच्या महापालिकेने २०१७ मध्ये उलट आदेश दिला: वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी आणि रोज शंभर किलोहून अधिक ओला कचरा करणाऱ्यांनी तो आपल्याच आवारात जिरवावा. खत पुन्हा दारात आले. आणि त्याच महापालिकेची माणसे दर पावसाळ्यात घरोघरी येऊन कुंडीखालच्या ताटल्या तपासतात, मनीप्लांटच्या बाटल्या रिकाम्या करायला लावतात, कारण डेंग्यूचा एडिस डास तेवढ्याशा स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पंखांपर्यंत पोहोचतो. अनेकांना ही कटकट वाटते. बेंटलीचा अहवाल वाचल्यावर मला ती वाटेनाशी झाली. ताटली आठवड्यातून एकदा कोरडी करावी, किंवा तीत काठोकाठ वाळू भरावी. मुळांना ओल मिळते, अळीला पोहायला जागा राहत नाही.

बीडीडी चाळींच्या जागी आता मनोरे उठत आहेत. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे, आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडू नये. सामाईक गॅलरी मात्र त्या नकाशात नाही. डब्यांच्या रांगा कुठे गेल्या, कुणी नव्या खिडकीच्या जाळीत नेल्या का, याची नोंद आत्ताच झाली पाहिजे. दहा वर्षांनी छायाचित्रेही सापडणार नाहीत. तुमच्याकडे गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथल्या गॅलरीतल्या झाडांचे जुने फोटो असतील तर या धाग्याखाली टाका. वाडीतल्या विहिरीची जागा घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल तर तीही लिहा, कोणत्या इमारतीखाली गेली ते सांगा. पुढच्या धाग्यात त्या विहिरींचा नकाशा करायचा आहे.